सामानापाशी गणोजीकाका

गणोजीकाका रोज सकाळी सहाला काठीने आमची जमीन ठोकत. त्यांच्या दृष्टीने ते छत. एक ठोका म्हणजे खाली सगळे ठीक आहेत, तुम्ही कसे आहात? मग आमच्यापैकी ज्याला आधी जाग येईल त्याने टाचेने एकदा जमीन वाजवून उत्तर द्यायचं. तीन ठोके म्हणजे असाल तसे धावत या. दोन ठोक्यांना अर्थ नव्हता. मी एकदा गमतीने विचारलं, तर ते अगदी गंभीरपणे म्हणाले की दोन ठोके मुद्दाम राखून ठेवलेत, अजून सुचलं नाही अशा संकटासाठी.

चौऱ्याण्णव ते अठ्ठ्याण्णव अशी चार वर्षं आम्ही बंगळुरात, चामराजपेटेतल्या त्यांच्या माडीवर भाड्याने राहिलो. नवऱ्याची पुण्याहून तिथल्या एका सरकारी कारखान्यात बदली झाली होती. मला एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात हंगामी काम मिळालं होतं, आणि तिथली नियतकालिकं बांधून द्यायला जे बाइंडर येत, ते गणोजीकाका. एक दिवस मी फोनवर आईशी मराठीत बोलत होते. ते दारात गठ्ठा खांद्यावर घेऊन उभे राहिले आणि माझं बोलणं संपेपर्यंत तो खाली ठेवायचंसुद्धा विसरले. त्या ओळखीतूनच माडी मिळाली. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कधीतरी घोड्यांबरोबर इकडे आले होते आणि परत जायचं राहून गेलं होतं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड होतं. माझ्या मराठीत निम्मं इंग्रजी, असं त्यांचं म्हणणं.

साठीला आलेला, बारीक अंगाचा माणूस. बोटांना कायम खळीचा वास. शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी असायची. तिच्यावर कन्नड आणि इंग्रजीत नाव, पत्ता, रक्तगट, आणि खाली ‘पेनिसिलिन चालत नाही’. पेनिसिलिन चालत नाही हे त्यांना कोणी सांगितलं? कोणीच नाही. आयुष्यात त्यांना ते कधी दिलंच गेलं नव्हतं. “पण नाही चाललं तर?” हे त्यांचं उत्तर. हे ‘तर?’ त्यांच्या जिभेवर सतत असे. कुलूप ते तीनदा ओढून बघत, गॅसची कळ दोनदा. मार्केटचा रस्ता ओलांडायचा तर गठ्ठे घेऊन पदपथावर उभे राहत आणि एखादी बाई पोराबाळांना घेऊन निघाली की तिच्या सावलीने निघत, कारण रिक्षावाले तिच्यासाठी थांबतात. लग्न केलं नव्हतं. का, ते वेगळं विचारायला नको.

सुरुवातीला मला हसू यायचं. नवऱ्याला मी त्यांची नक्कल करून दाखवायचे. पण भीती सर्दीसारखी असते, एका घरात राहिलं की लागतेच. वर्षाच्या आत मीही ऑफिसला निघताना गॅस बघायला जिना परत चढू लागले. सहाचा ठोका पडेपर्यंत अंथरुणात जीव मुठीत धरून पडायची सवयही मला तिथेच लागली.

आणि हा माणूस मेंडोलिन वाजवायचा. तरुणपणी गणपतीत कार्यक्रम करणाऱ्या एका हौशी वाद्यवृंदात ते होते, कायम दुसऱ्या रांगेत, अॅकॉर्डियनवाल्याच्या मागे. एकदा अॅकॉर्डियनवाला आलाच नाही. पुढची जागा रिकामी राहिली आणि मेंडोलिनचा आवाज सरळ लोकांपर्यंत जाणार हे कळल्यावर काका वाद्य कापडात गुंडाळून मागच्या दाराने घरी आले. पुन्हा गेले नाहीत. मला म्हणाले, “एकट्याचा आवाज ऐकू आला की वाटतं, आता कोणीतरी येऊन पकडणार.” तेव्हापासून मेंडोलिन कपाटावर होतं.

त्यांचे थोरले भाऊ अगदी उलटे. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणे. आवाज मोठा, मिशी मोठी, हसणं त्याहून मोठं. दुकान दोघांचं. गिऱ्हाइकाशी अण्णा बोलायचे आणि काका मागे बसून पानं शिवायचे. अण्णा फिडल वाजवायचे. त्या घरात व्हायोलिन हा शब्द नव्हता. पुरुष फिडल म्हणत, आणि अण्णांची बायको, जिला मी इतरांसारखंच अक्का म्हणायचे, ती कन्नड पद्धतीने पिटीलु म्हणायची.

त्या फिडलवरची एक चाल हा त्या घराचा मोठा ठेवा होता. तिला नाव नव्हतं. वडिलांनी ती बंगळुरातल्याच शिवाजीनगरच्या बाजूला, जुन्या छावणीतल्या एका म्हाताऱ्या बँडवाल्याकडून उचलली होती. पलटण गाव सोडून निघाली की तो ती वाजवायचा म्हणे. वडिलांनी ती घरच्या मुलींसाठी ठेवली. लग्न झालं, मुलगी सासरी निघाली, की घरातल्या कर्त्या पुरुषाने मांडवात उभं राहून ती वाजवायची आणि चाल संपेपर्यंत कोणी रडायचं नाही. संपली की मुलीने मागे न बघता पायरी उतरायची. आणि एक कडक नियम होता. एरवी ती चाल घरात वाजवायची नाही. सरावाला नाही, गुणगुणायलाही नाही. ती निरोपाची चाल, आणि घरात वाजली की घरातलं कोणीतरी जातं. एका आत्याने चुलीपाशी बसून ती गुणगुणली आणि महिन्याच्या आत आजी गेली, असं सांगत. आजी नव्वदीची होती हे सांगायचं मात्र सगळे विसरत.

काकांनी ती चाल अख्खी कधीच ऐकली नव्हती. घरातल्या प्रत्येक लग्नात, अगदी सख्ख्या बहिणींच्यासुद्धा, ते फाटकाशी मुलीच्या सामानापाशी उभे असत. ट्रंका, पितळी भांडी, गादीची वळकटी. सगळे आत रडायला जमले की चोर नेमके तेव्हाच येतात, असं त्यांचं पक्कं मत. त्यामुळे चार लग्नांत चार वेळा त्यांच्या कानांवर पडले ते लांबून आलेले तुकडे.

पंच्याण्णवच्या थंडीत अण्णांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्या सकाळी तीन ठोके पडले आणि मी अनवाणी खाली पळाले. अण्णा दवाखान्यातून परत आले ते एका खाटेपुरते होऊन. डॉक्टर दोन गल्ल्या सोडून राहत. त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं की दुसरा झटका येऊ शकतो. आज, सहा महिन्यांनी, कदाचित कधीच नाही. काकांना यापेक्षा वाईट वाक्य कोणी ऐकवलं नसेल. ते दिवसातून पंचवीस वेळा दारात येऊन अण्णांची छाती वरखाली होते का ते बघत.

आणि अण्णांच्या धाकट्या मुलीचं, शारदाचं, लग्न युगादीनंतरचं, म्हणजे पाडव्यानंतरचं, ठरलेलं होतं. पुढे ढकलायची गोष्ट निघाली तेव्हा अण्णांनी डाव्या हाताने खाटेची कड आपटली. नाही. मग चालीचं काय? शारदा समंजस मुलगी. ती म्हणाली, कुठलीतरी सनईची कॅसेट लावू. अण्णांच्या एका डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. त्या चालीची कॅसेट नव्हती, लिहून ठेवलेले सूर नव्हते. ती होती ती फक्त अण्णांच्या हातांत, आणि त्यातला गज ओढणारा हात आता मेला होता. अण्णांनी डावं बोट उचललं आणि कपाटावरच्या कापडाच्या गुंडाळीकडे दाखवलं. मग तेच बोट काकांकडे वळवलं.

काका अक्षरशः भिंतीला टेकले. “सरी,” म्हणाले, म्हणजे बरं. पण आवाज आला नाही, नुसते ओठ हलले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला शिकवणी सुरू झाली. फिडल अण्णांच्या छातीवर आडवी ठेवायची, तिची मान त्यांच्या डाव्या हातात द्यायची. अण्णा बोटं ठेवत जायचे. गज नाही, त्यामुळे आवाज नाही. काका शेजारी स्टुलावर मेंडोलिन घेऊन बसायचे आणि ती बोटं बघून आपली बोटं तशीच ठेवायचे. हे जमण्यासारखं होतं, कारण वडील बँडवाल्याकडून शिकलेले. त्यांच्या घरात फिडलच्या चार तारा विलायती पद्धतीने लावत, आणि मेंडोलिनच्या चार जोडतारा नेमक्या त्याच सुरांना लावतात. बोटांच्या जागा त्याच. फक्त मेंडोलिनवर पट्ट्या असतात आणि फिडलची मान गुळगुळीत.

पण घरात ती चाल वाजता कामा नये, आणि अण्णा असे खाटेवर असताना तर नाहीच. वाजली तर कोण जाणार हे त्या घरात कोणी तोंडाने बोललं नाही. म्हणून काकांनी घडी घातलेला रुमाल तारांखाली सारला होता. नखी मारली की नुसतं टकटक व्हायचं. मुका मास्तर आणि मुकं वाद्य. मी उंबऱ्याशी बसायचे. मला तिथे का बसवलं होतं? मध्येच काही झालं तर डॉक्टरकडे पळायला कोणीतरी हवं म्हणून. मी चपला घालूनच बसायचे.

अण्णांचं बोट एखाद्या जागी थांबलं की आम्हा दोघांचाही श्वास थांबायचा. सूर लांबवायचा म्हणून थांबलं, की हात गेला? काका बोटाकडे न बघता छातीकडे बघायचे. छाती हलली की मग पुन्हा बोटाकडे. अशा शिकवणीत किती शिकून होणार? तरी ते शिकत होते. फिडलवर सूर लांब ओढता येतो, मेंडोलिनवर तो लगेच विझतो. तो जिवंत ठेवायचा तर नखी भरभर मागेपुढे हलवत राहायची, हाताला थरथर द्यायची. मी विचारलं, हे अवघड असेल ना? त्या सगळ्या दिवसांत ते एकदाच हसले. म्हणाले, “तेवढं सोपं हाय, ताई. माझा हात तसाही कापतोच.”

लग्न तीन आठवड्यांवर आलं असताना एका सकाळी सहाचा ठोका पडला नाही. मी वाट पाहिली. सहा-पाच. सहा-दहा. नवरा म्हणाला, झोप लागली असेल. गणोजीकाकांना झोप लागली असेल? मी खाली धावले. काका खाटेशी गुडघ्यांवर बसलेले होते आणि अण्णांनी त्यांचं मनगट पकडून ठेवलं होतं. सोडत नव्हते. मग सोडलं आणि त्यांच्या डाव्या हाताने काहीतरी विचित्र चालवलं. अंगठा आणि पहिलं बोट चिमटीत धरून हवेत वळवायचं. पुन्हा वळवायचं. पुन्हा. तोंडातून घशातला आवाज, डोळे मोठे झालेले. काका माझ्याकडे बघून म्हणाले, “डाव्या अंगातपण आलं. पळा.”

मी पळाले. डॉक्टर आले, तपासलं, आकडी वाटत नाही पण लक्ष ठेवा म्हणाले, शांत झोपेच्या गोळ्या दिल्या. काकांनी लक्ष ठेवलं म्हणजे काय, डोळ्यांत तेल घालून ठेवलं. चिमटी वळली की गोळी. दहा दिवस शिकवणी बंद. अण्णा जागे असले की चिमटी वळवायचे, आणि मग आपला हात आपणच खाटेवर टाकून भिंतीकडे तोंड करायचे. मला त्यांच्या त्या पाठीची भीती वाटायला लागली होती. अक्का स्वयंपाकघरातून गरम पाणी आणून ठेवायची आणि परत चुलीकडे जायची.

अकरा दिवस राहिले. चाल हातात बसली होती, निदान बोटांना पाठ झाली होती. पण ती आवाजात कशी लागते ते खुद्द काकांनाच माहीत नव्हतं. एका रविवारी दुपारी ते मेंडोलिन घेऊन माझ्या दारात आले. घरात वाजवायची नाही, पण माडीवर वाजवली तर? त्यांनी विचार करून ठेवला होता. “वरचं घर तुमचं. गॅस वेगळा, नळ वेगळा. मीटरपण वेगळं हाय,” ते म्हणाले. विजेचं मीटर वेगळं असलं की नियम लागू होत नाही, हे त्यांनीच ठरवलं. मी हसले नाही. त्यांनी खिडक्या लावल्या, पुन्हा ओढून बघितल्या, आणि रुमाल काढला.

सुरुवात इतकी सुंदर होती की माझ्या अंगावर काटा आला. जाड तारांवरून चाल हळूहळू वर चढत होती. कोणी दार उघडून अंगणात यावं तशी. मग ती शेवटच्या बारीक तारेवर गेली आणि बिघडली. थोडीथोडकी नाही. भलत्याच घरात शिरल्यासारखी. काका थांबले, पहिल्यापासून धरलं, पुन्हा तिथेच तेच. तिसऱ्यांदाही तेच. ते बोटं बघत होते. बोटं बरोबर होती, अण्णांनी दाखवली तिथेच होती.

मग त्यांनी मेंडोलिन मांडीवर आडवं ठेवलं. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. “अण्णांचं डोकं गेलं, ताई,” ते म्हणाले. “नुसतं अंग नाही. डोकं. मी वेड्यासारखं चुकीचं शिकत बसलो. चाल गेलीच. ती तेव्हाच गेली.”

शारदा चालीशिवाय पायरी उतरणार, एवढंच त्यात नव्हतं. ज्या हाताकडे बघून हा माणूस महिनाभर तग धरून होता, तो हातही खोटा निघाला होता.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अक्का गुडघ्यांमुळे वर्षभरात माडी चढली नव्हती. ती कठडा धरत धरत वर आली, हाताला नाचणीचं पीठ तसंच. नियम मोडला म्हणून आता बोलणार, असं मला वाटलं. काकाही उठून उभे राहिले.

तिने दम घेतला आणि विचारलं, “खुंटी नाही फिरवली?”

काकांनी मेंडोलिनच्या खुंट्यांकडे पाहिलं.

“बारीक तारेची. त्या चालीआधी ते फिरवतात ना.” प्रत्येक लग्नात ती अण्णांच्या मागे फिडलची पेटी धरून उभी असायची. चाल सुरू करण्याआधी ते बारीक तारेची खुंटी मागे वळवायचे, तार सैल करायचे. बाकी कुठल्या गाण्याला नाही, याच चालीला. “इतकीशी,” अक्का म्हणाली, आणि तिने पिठाचा हात वर करून अंगठा आणि पहिलं बोट चिमटीत धरून हवेत वळवलं.

ती खूण आम्ही दोघांनी दहा दिवस पाहिली होती. मी तिच्यासाठी डॉक्टरांकडे धावले होते. काकांनी तिच्यासाठी गोळ्या दिल्या होत्या. अक्का त्या सगळ्या वेळात चुलीपाशी होती, तिच्यासमोर अण्णा गोळीने झोपलेलेच असायचे. आणि खुंटीचं तिला कोणी विचारलं नव्हतं, घरातल्या बाईला वाद्यातलं काय विचारायचं? तारांखाली रुमाल नसता तर पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातून तिने सांगितलं असतं.

काकांनी बारीक जोडीच्या दोन खुंट्या फिरवल्या, एक मग दुसरी, अक्का ‘आणखी’ म्हणेपर्यंत आणि मग ‘पुरे’ म्हणेपर्यंत. वाजवलं. चाल बारीक तारेवर गेली आणि सरळ पुढे चालत राहिली. अक्काने पदर तोंडाला लावला. चाल संपल्यावर म्हणाली, “सरी. आता खाली नको वाजवू. मला भ्या वाटतंय.” आणि उतरायला लागली.

काका तिच्या मागोमाग खाली गेले, मीही गेले. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. काकांनी त्यांच्यासमोर जाऊन हात पुढे केला आणि हवेत चिमटी वळवली. अण्णांनी पाहिलं. त्यांचा अर्धा चेहरा हसला, उरलेला अर्धा तसाच राहिला, आणि त्यांनी डाव्या हाताने धाकट्या भावाच्या गालावर एक चापट मारली. चांगली वाजली. काका गालावर हात ठेवून म्हणाले, “मी भ्यालो, अण्णा. मी तुमचं बोलणं औषधानं बंद केलं.” ते लहान मुलासारखे रडले. मी उंबऱ्यापासून उठून वर गेले.

लग्न गल्लीच्या टोकाच्या चौलट्रीत झालं. तिकडे मंगल कार्यालयाला चौलट्री म्हणतात. दुपारी जेवणं आटोपल्यावर काका मला शोधत आले. तोंड पांढरं पडलेलं. त्यांनी माझ्या हातात एक यादी दिली. ट्रंका दोन, वळकटी एक, भांड्यांचं पोतं एक, अशी अकरा नगांची. “ताई, एक काम करा. तुम्ही सामानापाशी थांबा. मला आज आत जायचंय.” मग दोन पावलं जाऊन परत आले. “नजर काढू नका. स्वल्पपण नाही.”

म्हणून ती चाल मीही पाहिली नाही. मी फाटकाशी अकरा नगांवर नजर ठेवून उभी होते. आतला गलबला एकदम थांबला. आता वाजेल, मग वाजेल. काहीच नाही. मला तो वाद्यवृंद आठवला आणि ते मागचं दार. चौलट्रीलाही मागचं दार होतं. ते कापडात मेंडोलिन गुंडाळून गल्लीतून निघून गेलेत, असं मला जवळजवळ दिसलंच. मी नग मोजले. पुन्हा मोजले.

मग पहिला सूर आला. बारीक, थरथरता, आणि नको तितक्या घाईचा. जाड तारांवरून ते पळतच वर आले. दुसऱ्या ओळीत कुठेतरी ती घाई उतरली. बारीक तारेशी येताना मी डोळे मिटले. चाल तिच्यावर गेली, लांब सूर आला, आणि तो विझला नाही. तो कापत होता, पण विझला नाही. आत कोणी रडत नव्हतं. बाहेर मी एकटी रडत होते, पण मी त्या घरातली नव्हते, मला नियम नव्हता.

आत काय झालं ते अक्काने मला नंतर सांगितलं. अण्णांना वेताच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. काकांनी लोकांकडे एकदाही पाहिलं नाही. अण्णांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता आणि त्या दांड्यावर बोटं चालीबरोबर हलत होती. काका त्या बोटांकडे बघून वाजवत राहिले.

शारदा फाटकातून बाहेर आली, मागे न बघता गाडीत बसली. तिच्यामागे काका आले. माझ्याकडे न बघता त्यांनी आधी सामान मोजलं. “बारा होते ना?” त्यांनी विचारलं. अकराच होते, यादीत तसंच होतं. त्यांनी यादी बघितली, खिशात ठेवली, आणि मग कुठे ते ट्रंकेवर बसले.

अण्णा त्यानंतर दीड वर्ष होते. दुसरा झटका आला तो पहाटे, आणि आमच्या जमिनीवर तीन ठोके पडले. ते चालीमुळे गेले असं कोणी म्हणालं नाही, पण मेंडोलिन पुन्हा कपाटावर गेलं आणि त्याच्याभोवती कापडाचा एक वेढा वाढला. त्यानंतर त्या घरात मी कधी गुणगुणणंसुद्धा ऐकलं नाही. माझ्या रेडिओचा आवाज खाली गेला तरी मला चुकल्यासारखं व्हायचं.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात आमची बदली पुण्याला झाली. निघायच्या दिवशी सहाला एक ठोका पडला. टाच मी वाजवली. सकाळपासून काका पदपथावर आमच्या सामानापाशी उभे होते. हातात यादी, चौतीस नगांची. हमाल एकेक नग टेम्पोत चढवत होते आणि ते खुणा करत होते. हमालांनी चहाला जाऊ का विचारलं तर एकेकाने जा म्हणाले. पण ते दोघे बरोबरच गेले. नवरा टेम्पोवाल्याला रस्ता समजावायला नाक्यावर गेला होता. अक्काने माझ्या हातावर दही घातलं. काका म्हणाले, वरचा नळ बघून येतो, आणि आत गेले.

मी उंबऱ्याबाहेर उभी होते. दही अजून हातावर होतं. खालच्या घरातून एक तार छेडल्याचा आवाज आला. मग तीच तार, किंचित उतरलेली. मग तिची जोडीची. तीही उतरली.

मी अक्काकडे पाहिलं. तिचा हात चौकटीवर घट्ट झाला होता. ती आत जाईल, थांबवेल, असं मला वाटलं. तिच्या डोळ्यांत भीती स्पष्ट होती. ती आत गेली नाही. आमचं मीटर वेगळं, मी त्या घरची मुलगी नाही, हे तिनेही काढलं नाही.

खिडक्या सगळ्या उघड्या होत्या. गजांमधून मला काका दिसले. अण्णांच्या खाटेच्या कडेला बसले होते, डोळे मिटलेले, खांदे वर ओढलेले, आता कोणीतरी येऊन पकडणार असे. नखी धरलेला हात कापत होता आणि सूर विझत नव्हता. मी त्यांना हाक मारली नाही. संपेपर्यंत रडायचं नाही आणि संपल्यावर मागे बघायचं नाही, एवढं मला माहीत होतं. ते मी कसंबसं पाळलं.

समोर रस्ता होता. चहावाल्याकडे हमाल, नाक्यावर टेम्पोवाला आणि नवरा. भर बाजाराच्या दिवशी पदपथावर आमचे एकोणीस नग उघड्यावर पडले होते, आणि त्यांच्यापाशी कोणीही उभं नव्हतं.